पटवणे आणि पटणे



श्रावण जवळ आला की आपल्या सीमाभागातील मठांतून आणि गावोगावच्या बसवण्णांच्या देवळांतून प्रवचनांची तयारी सुरू होते. भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील पुष्कळ गावी महिनाभर रात्री पुराण-प्रवचन चालते. अक्षय्य तृतीयेला बसव जयंती, तेव्हा तर एकेका गावात चार-चार वक्ते लागतात. बोलणाऱ्यांची गरज मोठी आहे आणि बोलू पाहणारी तरुण मुले-मुलीही आता पुढे येत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांचा प्रश्न मात्र बहुधा एकच असतो : "अप्पाजी, लोकांना पटेल असे कसे बोलावे?"

प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. बोलणे ही शिकण्यासारखी विद्या आहे. आवाज कोठे चढवावा, कोठे थांबावे, दृष्टांत केव्हा द्यावा, हे सारे अभ्यासाने येते. पण त्याआधी त्या 'पटणे' या शब्दाकडेच आपण थोडे पाहू.

जुन्या काळी आपल्या मराठीत हुंडी पटत असे. एका गावच्या सावकाराने लिहून दिलेली हुंडी दुसऱ्या गावच्या पेढीवर दाखवावी आणि तेथे रोख रक्कम हाती पडावी, म्हणजे हुंडी पटली. कागदावरचे मोडी अक्षर कितीही वळणदार असो, लिहिणाऱ्याची पत नसेल तर ती हुंडी पटत नसे. आता 'पटवणे' हा शब्द आज बाजारात कोणत्या अर्थाने फिरतो तेही पाहा. गिऱ्हाईक पटवतात, साहेबाला पटवतात, मतदाराला पटवतात. तेथे फक्त अक्षराचे वळण चालते, पेढीत काही आहे की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. शरणांच्या सभेत बोलणे हुंडीसारखे पटावे लागे. ते कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

बोलणे कसे असावे याविषयीचे महात्मा बसवेश्वरांचे प्रसिद्ध वचन आपणां सर्वांना पाठ आहे, म्हणून येथे ते उतरवून घेत नाही. त्याच्या रचनेकडे तेवढे लक्ष द्या. बसवण्णा त्यात मोत्यांच्या माळेची, माणकाच्या तेजाची आणि स्फटिकाच्या शलाकेची उपमा देतात, त्यानंतर लिंगाच्या संमतीची गोष्ट काढतात आणि अखेरीस आचरणापाशी येऊन थांबतात. वक्तृत्वाचा सारा अभ्यासक्रमच तेथे आहे, असे म्हटले तरी चालेल.

मोती सुटे असले तरी मोतीच असतात, पण माळ व्हायला दोरा लागतो. आपल्याकडील कित्येक वक्त्यांजवळ दहा चांगल्या गोष्टी असतात. एक शाळेतली, एक पुराणातली, एक वर्तमानपत्रातली. दोरा मात्र नसतो. श्रोता घरी जातो तेव्हा त्याच्या मुठीत एखाद-दुसरा मोती उरतो, बाकीचे मांडवात सांडलेले असतात. म्हणून उभे राहण्यापूर्वी स्वतःला विचारावे की आज माझा दोरा कोणता. एका रात्रीच्या प्रवचनाला एकच दोरा पुरे. माणकाचे तेज डोळे दिपवीत नाही, ते आतून मंद उजळते. वक्त्याच्या विद्वत्तेने श्रोता दिपला तर त्याला वक्ता दिसतो, विषय दिसत नाही. स्फटिकाचे तर काय सांगावे! त्यातून आरपार दिसते. आपल्या बोलण्यातून आपला हेतूही असाच आरपार दिसला पाहिजे. तासभर वैराग्य सांगावे आणि शेवटी पावतीपुस्तक काढावे, हे स्फटिकाचे लक्षण नव्हे. वर्गणी हवी असेल तर आरंभीच वर्गणी म्हणावे. लोक देतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऐकायलाही येतात.

आणि लिंगाची संमती? सभेत माना पुष्कळ डोलतात. काही पटल्यामुळे, काही सवयीने, आणि रात्रीचे दहा वाजून गेले असतील तर काही झोपेनेही. त्यांवर विसंबून चालत नाही. इष्टलिंग कोठे असते? बोलणाऱ्याच्या छातीवर. म्हणजे वक्त्याला सर्वांत जवळचा श्रोता तोच. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायला ध्वनिक्षेपक लागतो, या पहिल्या श्रोत्याला न बोललेलेही ऐकू येते. दुपारी आपण कोणाशी काय व्यवहार केला, घरात कोणावर ओरडून आलो, ते त्याने ऐकलेले असते. त्याने होकार दिला तर बोला, असे बसवण्णांचे सांगणे आहे. मला तर या वचनात दुसऱ्याला उपदेश कमी आणि मंत्रीपदावर बसलेल्या, रोज राजसभेत बोलावे लागणाऱ्या माणसाची स्वतःची झडतीच अधिक दिसते.

पाश्चात्त्य देशांतही या विषयाचा मोठा विचार झालेला आहे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. भाषणातून म्हणणे पटते ते तीन गोष्टींनी, असे तो सांगतो : बोलणाऱ्याचे शील, ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था, आणि युक्तिवाद. आजही महाविद्यालयांतून हीच तीन नावे शिकवतात. त्यांत शीलाचा प्रभाव फार मोठा, हेही तो मान्य करतो. परंतु त्याचे म्हणणे असे की हा विश्वास त्या भाषणातूनच उत्पन्न झाला पाहिजे, वक्त्याविषयी लोकांचे आधीचे मत काय आहे त्यावरून नव्हे. अथेन्सच्या सभेत हजारो नागरिक जमत. प्रत्येकाला प्रत्येक वक्ता घरचा माहीत असणे शक्य नव्हते, म्हणून कदाचित तसे असेल.

आपल्या गावात हे चालेल काय? चारशे उंबऱ्यांच्या गावात बोलायला उभा राहणारा माणूस कोणाचा कोण, त्याच्या शेताचा बांध किती सरकला आहे, म्हाताऱ्या आईला कोणत्या खोलीत ठेवले आहे, सालगड्याचे पैसे केव्हा दिले, हे सर्व सभेला ठाऊक असते. तो 'बंधू-भगिनींनो' म्हणण्याआधीच त्याचे अर्धे भाषण होऊन गेलेले असते! बाहेरगावच्या वक्त्याला त्यामुळेच टाळ्या अधिक पडतात. त्याची पेढी कोणी पाहिलेली नसते. ग्रीक पंडिताने शील भाषणाच्या आत शोधले, बसवण्णांनी ते भाषणाच्या बाहेर, आचारात शोधले. हा फरक लहान नाही.

याचे उदाहरण म्हणून आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याकडे पाहावे. ही मंडळी रायचूर जिल्ह्यातील अमरेश्वरची, कल्याणात येऊन राहिलेली. बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक, आणि त्या तांदळांवर त्यांचा दासोह चाले. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी नवऱ्याला प्रवचन दिले नाही. त्यांनी विचारले की हे जास्तीचे तांदूळ तुमच्या मनातून आले की बसवण्णांच्या? मग, नेहमीचे होते तेवढे पुरे, उरलेले जेथून आणले तेथे टाकून या, असे सांगितले. मारय्या गेले आणि टाकून आले.

येथे थोडे थांबून विचार करा. लक्कम्मांनी कोणता युक्तिवाद केला? लोभ वाईट, परिग्रह वाईट, हे सिद्ध करण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर नवऱ्यावर सोपवले. उत्तर मारय्यांच्या आतच होते, ते त्यांचे त्यांना सापडले. दुसऱ्याने दिलेले उत्तर माणूस मान्य करतो, पण स्वतःला सापडलेले उत्तर तो पाळतो. आणि तो प्रश्न पोहोचला का? कारण विचारणारी बाई त्याच मूठभर तांदळांवर रोज चूल पेटवत होती. घरी दोन कोठ्या भरून ठेवलेल्या कोणी हाच प्रश्न केला असता तर मारय्या हसले असते.

शून्यसंपादनेत याच दांपत्याचा आणखी एक प्रसंग येतो. मारय्या शरणांच्या अनुभावगोष्टीत इतके रंगले की कायकाची वेळ टळू लागली, तेव्हा लक्कम्मांनीच त्यांना उठवले. आपल्या वक्त्यांनी हा प्रसंग मनाशी धरण्यासारखा आहे. अनुभवमंटपातली चर्चा, समोर प्रभुदेव, बसवण्णा यांच्यासारखे बोलणारे, आणि तरीही ऐकणाऱ्याचे काम खोळंबता कामा नये! आमच्याकडे पाहुण्यांच्या सत्कारातच तास जातो. शाल, श्रीफळ, पुष्पहार, प्रास्ताविक, परिचय, आणि मुख्य वक्ता उभा राहतो तेव्हा पहाटे दूध काढायला उठणारा माणूस घड्याळाकडे पाहत असतो. त्याचा वेळ हे त्याचे कायक आहे. ते ज्याने राखले नाही त्याने कायकावर काय बोलावे?

आता दुसरी बाजू. काही तरुणांना वाटते की लोकांना हलवायचे तर कठोर बोलले पाहिजे, झोडपले पाहिजे. त्यासाठी ते अल्लमप्रभूंचा दाखला देतात. प्रभुदेव सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला, आले तेव्हा सिद्धरामेश्वरांचे तळ्याचे आणि देवळांचे काम मोठ्या प्रमाणावर चालू होते. शून्यसंपादनेतील कथेप्रमाणे प्रभुदेवांनी त्या थोर योग्याचा उल्लेख एखाद्या दगडमातीच्या कामगारासारखा केला. कामावरची माणसे खवळली, दगड फेकू लागली. खुद्द सिद्धराम क्रोधाने आले. मग दोघांचा संवाद झाला. बाहेर एवढे बांधलेस, आत काय बांधलेस, असा त्या संवादाचा रोख. अखेर सिद्धराम प्रभुदेवांबरोबर कल्याणला गेले आणि पुढे शरणमेळ्यात मिसळून गेले.

खरे आहे, तेथे कठोर शब्दच लागू पडला. परंतु दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, तो शब्द पिकलेल्या फळाला लागलेला धक्का होता. कच्च्या फळाला तोच धक्का दिला तर फांदी मोडते, फळ हाती येत नाही. दोन, प्रभुदेवांनी आधी दगड अंगावर घेतले. ते दूर मंचावर, पोलीस बंदोबस्तात उभे नव्हते. ज्याच्यावर बोलले त्याच्या माणसांच्या मध्ये उभे होते, आणि बोलून निघून गेले नाहीत, संवाद पुरा होईतो थांबले. आज प्रभुदेवांची तिखट जीभ उसनी घेणारे पुष्कळ आहेत. दगड घ्यायला मात्र कोणी तयार नाही. उलट आपणच चार जणांना दगड मारायला लावतात.

आपल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद. आपण जिंकावे म्हणून होतो तो जल्प. आपले असे काही म्हणणेच नाही, समोरच्याचे मोडायचे एवढाच हेतू असतो ती वितंडा. बिचारा 'वाद' हा शब्द आज भांडणाच्या अर्थाने बदनाम झाला, मूळचा तो तिघांतला सज्जन होय. अनुभवमंटपात चालला तो वाद. तेथे अक्कमहादेवी आल्या तेव्हा प्रभुदेवांनी भर सभेत त्यांना परखड प्रश्न विचारले. अक्कांनी एकेका प्रश्नाला उत्तर दिले. त्या प्रश्नांनी अक्कांचा अधिकार सभेला दिसला, आणि हे दिसावे म्हणूनच ते प्रश्न होते. आमच्या सभांत प्रश्न विचारला की तो अपमान ठरतो. श्रोता उठून काही म्हणू लागला की कार्यकर्ते त्याला खाली बसवतात. ज्या सभेत 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्या सभेतल्या 'होय'ला काय किंमत? वचने सांगणाऱ्याने तरी शेवटची पंधरा मिनिटे श्रोत्यांसाठी राखावीत. उत्तर येत नसेल तर उद्या विचार करून सांगतो म्हणावे. यामुळे वक्त्याची पत जात नाही, वाढते.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बिदर आणि गुलबर्गा जिल्हे म्हैसूर राज्यात आले आणि बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तिकडे गेले. सोयरीक मात्र तुटली नाही. त्यामुळे आपल्या एका मांडवात आजोबा कन्नड बोलतात, सून निलंग्याची मराठी बोलते, बाजारातला व्यवहार दखनी उर्दूत होतो. अशा सभेत केवळ ग्रंथी भाषा बोलणारा, मग ती कन्नड असो की मराठी, अर्ध्या लोकांना बाहेर बसवतो. शरणांनी संस्कृत बाजूला ठेवून लोकांची कन्नड घेतली. मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठी ओवीत लिहिले. भालकी हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी तर निजामी राजवटीत बाहेर उर्दूची पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकवले. मातृभाषेवर शंभर व्याख्याने देऊन जे पटले नसते ते त्या पाटीमागच्या वर्गाने पटवले. १९९९ साली ते लिंगैक्य झाले, त्यांच्या शाळेत शिकलेल्यांची नातवंडे आज तुमच्या सभेत बसलेली असतात.

आणि भाषा म्हणजे केवळ कन्नड-मराठी नव्हे. वचनकारांकडे पाहा. अंबिगर चौडय्या नावाडी, मडिवाळ माचय्या कपडे धुणारे, नुलिय चंदय्या दोर वळणारे, मेदार केतय्या बुरूडकाम करणारे. जो तो आपल्या हाताखालच्या वस्तूवरून बोलला. दृष्टांत ऐकणाऱ्याच्या हातातला असावा लागतो, तेव्हाच तो त्याच्या डोक्यात जातो. गंगा-हिमालयाचे दृष्टांत आपण फार देतो. कलबुर्गीच्या शेतकऱ्याला तुरीचा दृष्टांत द्या ना! बिदरच्या माणसाला बिदरीचा द्या. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाचे भांडे, त्यात कोरून बसवलेली चांदी, आणि मग बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून ते भांडे त्यात बुडवतात. धातू काळाकुळकुळीत होतो, चांदी तशीच राहते आणि झळकू लागते. बोलण्यातल्या मौनाचे हेच काम आहे. सगळेच चांदीचे शब्द ओळीने मांडले तर एकही दिसत नाही. भोवती काळी, शांत जागा लागते. एक महत्त्वाचे वाक्य बोलून झाल्यावर पाच श्वास थांबून पाहा. सभा तुमच्याजवळ सरकल्यासारखी वाटेल.

मौनाची ही शक्ती अलीकडच्या काळात ज्यांच्याजवळ आपण सर्वांनी पाहिली ते विजापूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे श्री सिद्धेश्वर स्वामीजी. १९४० साली बिज्जरगी येथे जन्म, गुरू मल्लिकार्जुन स्वामीजी. कन्नड, मराठी, इंग्रजी या भाषांतून ते बोलत. पहाटेच्या प्रवचनाला हजारो माणसे जमत आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असे. आवाज चढवणे नाही, हातवारे नाहीत, कोणाची निंदा नाही. लहान लहान वाक्ये, शेत, झाड, पाऊस, पक्षी. वक्तृत्वाच्या स्पर्धेत आज जे गुण मोजतात त्यांतले बहुतेक त्यांच्याजवळ नव्हतेच!

मग लोकांना पटत होते ते कशाने? त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला खिसा नव्हता. एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. अपरिग्रहावर ते बोलू लागले की श्रोत्याची नजर त्या सदऱ्याकडे जाई आणि युक्तिवाद तेथेच पुरा होई. २०१८ साली केंद्र सरकारने पद्मश्री जाहीर केली, ती त्यांनी नम्र पत्र लिहून नाकारली. २ जानेवारी २०२३ रोजी त्यांनी देह ठेवला. आपल्या देहाचे काय करावे तेही त्यांनी काही वर्षे आधीच लिहून ठेवले होते : दहन करावे, स्मारक बांधू नये. समाधी बांधण्याची प्रथा असलेल्या परंपरेतल्या संन्याशाने हे लिहावे, हे पटवणे नव्हे तर काय? आयुष्यभर जी हुंडी लिहिली ती शेवटच्या दिवशीही पेढीवर पटली.

येथवर वाचून तुम्ही म्हणाल, शील असावे, प्रश्न विचारू द्यावेत, सोपे बोलावे, थांबावे, हे तर कळले. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की खरोखर पटले तर पुढे काय होते याचा विचार आम्ही वक्ते करीत नाही. आणि कल्याणचा इतिहास म्हणजे खरोखर पटल्यानंतर काय झाले याचाच इतिहास आहे.

आपण एकमेकांना भेटताना 'शरणू शरणार्थी' म्हणतो. त्यामागची हरळय्यांची कथा आजही घरोघरी सांगतात. हरळय्या चांभारकाम करणारे शरण. एकदा वाटेत बसवण्णा भेटले तेव्हा त्यांनी 'शरणू' म्हटले. राज्याच्या मंत्र्याने उलट 'शरणू शरणार्थी' म्हणून दुप्पट वंदन केले. एक शब्द जास्त परत आला. हरळय्यांना ते ऋण वाटले. ते फेडावे म्हणून त्यांनी आणि पत्नी कल्याणम्मांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे बसवण्णांसाठी केले, अशी परंपरा सांगते. समानतेवर बसवण्णांनी त्या दिवशी भाषण केले नाही. रस्त्यात, एका माणसाला, एक शब्द जास्त दिला. जगातल्या कोणत्या वक्त्याच्या शब्दाला एवढे मोल आले असेल?

पुढची गोष्ट आपणास ठाऊक आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले शरण मधुवरस आणि हरळय्या व्याही झाले. मधुवरसांची मुलगी हरळय्यांच्या शीलवंताला दिली. शरणांच्या सभेत जे वर्षानुवर्षे बोलले गेले ते या दोन बापांना पटले होते. सभेपुरते नव्हे, घरात मुलगी देण्यापर्यंत पटले होते. बाराव्या शतकातील त्या नगरीत याची शिक्षा काय झाली? बिज्जळाच्या आज्ञेने दोघांना हत्तीच्या पायी बांधून ओढवले. मग कल्याणात रक्तपात झाला. बसवण्णा मंत्रीपद सोडून कूडलसंगमास गेले, शरणांची पांगापांग झाली, चन्नबसवण्णांबरोबरचे शरण उळवीकडे निघाले.

बोलणारा बोलतो आणि ज्याला पटते तो किंमत मोजतो. बसवण्णा ती किंमत दुसऱ्यावर टाकून मंत्रीपदावर बसून राहिले नाहीत, एवढ्याच गोष्टीवर त्यांच्या प्रत्येक वचनाची पत उभी आहे.

आता आपल्या मांडवात या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. हुंड्याविरुद्ध, लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध आम्ही दर जयंतीला बोलतो. समजा, एखाद्या रात्री तुम्ही फार सुंदर बोललात. पाठीमागे खांबाला टेकून बसलेल्या एका बापाला ते पटले. दोन एकर कोरडवाहू जमीन, मुलीची सोयरीक ठरलेली, देण्याघेण्याची बोलणी अर्धी झालेली. तो दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना सांगतो की मी हुंडा देणार नाही आणि लग्न साध्या पद्धतीने करीन. पाहुणे उठून जातात. भावकी म्हणते, प्रवचन ऐकून याचे डोके फिरले. बायको चार दिवस बोलत नाही. मुलगी आतल्या खोलीत आहे. आणि तुम्ही? तुम्ही शाल-श्रीफळ घेऊन रात्रीच पुढच्या गावी गेलेले असता, तेथे तेच भाषण, त्याच ठिकाणी टाळ्या.

त्या बापाला पटवणे सोपे होते. मुली असलेल्या प्रत्येक बापाला ते आतून पटलेलेच असते. पण त्याच मांडवात पुढच्या रांगेत मुलाचे बाप बसले होते, त्यांना पटवले का? त्यांतले दोन तर तुमच्या सत्काराला उभे होते. आणि वक्तेबुवा, तुमच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात काय घेतले, हे छातीवरच्या त्या पहिल्या श्रोत्याने विचारले तर?

म्हणून जे तरुण 'कसे बोलावे' विचारतात त्यांना मी आधी एक काम सांगतो. ज्या गावी बोलाल त्या गावी पंधरा दिवसांनी पुन्हा जा. मांडव नसेल, ध्वनिक्षेपक नसेल. ज्याला तुमचे बोलणे पटले त्याचे घर विचारा आणि ओट्यावर बसा. त्याची सोयरीक मोडली असेल तर तुमच्या ओळखीत बिनहुंड्याचा मुलगा शोधा. भावकीत त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसेल तर तुम्ही बोला. त्या ओट्यावर चार माणसांसमोर काय बोलावे हे कोणत्याही पुस्तकात नाही, आणि तेथे टाळ्याही नाहीत. पण वर्षातून एका गावी जरी असे जाऊन आलात तरी पुढच्या श्रावणात तुमचा आवाज आपोआप खाली येईल आणि बोलणे आखूड होईल.

बसवकल्याणला तर आपण जातोच. अनुभवमंटप पाहतो, १०८ फुटांची बसवण्णांची मूर्ती पाहतो, छायाचित्र काढतो आणि गाडीत बसतो. त्याच गावात हरळय्यांची गवी आहे. या खेपेस तेथेही जाऊन या. बरोबर बोलायला शिकणारी मुले असतील तर त्यांना आत थोडा वेळ बसू द्या, आणि तेवढा वेळ आपणही काही सांगू नका.